घरचा माल

माझं तोंड फटकळ आहे, हे आमच्या ऑफिसात शिपायापासून मालकापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. चहा पांचट झाला तर मी चहावाल्याला तिथल्या तिथं ऐकवते. पार्किंगमध्ये कुणी आडवी गाडी लावली तर खाली जाऊन त्याची बिनपाण्यानं करते. नवरा म्हणतो, विजयश्री, तुझ्या जिभेला हाड नाही. मी म्हणते, खरं बोलायला हाड कशाला लागतंय? असं मोठ्या तोऱ्यात म्हणणारी मी, आणि खरोखर बोलायची वेळ आली तेव्हा माझी दातखीळ बसली. तीही पुरती बसली असती तर एक वेळ परवडलं असतं. मी अर्धं बोलले. आणि त्या अर्ध्याचीच मला जास्त लाज वाटते.

आमचं ऑफिस मोशीत आहे. खाली टाइल्सचं दुकान, वर आम्ही. शेअर घेऊन द्यायचे, विकून द्यायचे, हा धंदा. गिऱ्हाईक येतं, म्हणतं अमक्या कंपनीचे एवढे घ्या, मी संगणकावर घेते, ऑफिसला दलाली मिळते. इथवर सगळं सरळ आहे. पण आमचं ऑफिस स्वतःच्या पैशानंही शेअर घेतं आणि विकतं. त्यासाठी आत काचेची खोली आहे, तिथं ज्ञानेश बसतो. बाहेर मी गिऱ्हाइकांसाठी, आत तो ऑफिससाठी. ऑर्डर टाकताना संगणक दोघांनाही एकच विचारतो, गिऱ्हाइकाची की स्वतःची? मी एक निवडते, तो दुसरं निवडतो. यात बेकायदा काही नाही. खातं उघडताना गिऱ्हाईक ज्या ढीगभर कागदांवर सह्या करतं, त्यात बारीक अक्षरांत तेही छापलेलं असतं. ते वाचलेलं एकही गिऱ्हाईक मी आजवर पाहिलं नाही. मी तरी कुठं वाचलं होतं नोकरीला लागताना?

मालक म्हणजे सुजित सर. जुन्या मोशीतलेच. वडिलांनी ही इमारत बांधली, पोरगा शिकून आला आणि वरच्या मजल्यावर बसला. गावातली माणसं त्यांना नुसतं सुजित म्हणतात, म्हाताऱ्या बाया तर अरेतुरे करतात, आणि सर हसून ऐकून घेतात. त्यांना कळतं, या अरेतुरेवरच आपलं दुकान चालतं.

माझ्या टेबलाशी दर आठवड्याला येणारं एक माणूस म्हणजे अंबुबाई. साठी ओलांडलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरामागं भाड्याच्या खोल्यांची ओळ, त्यात कंपन्यांतली पोरं राहतात. तिचं माहेर महाळुंगे. तिकडची बापाची जमीन कारखान्यांसाठी गेली, मोबदला आला, तेव्हा भावांनी रिवाजाप्रमाणं बहिणीला हक्कसोडीच्या सहीला बोलावलं. आपल्याकडं बहिणीनं काय करायचं असतं? साडी घ्यायची, पुरणपोळी खायची, सही करायची आणि डोळे पुसत सासरी यायचं. अंबुबाईनं पुरणपोळी खाल्ली, साडी बाजूला ठेवली आणि सही केली नाही. "मपला वाटा मला पायजे," म्हणाली. वाटा मिळाला. पण थोरला भाऊ कोंडाजी त्या दिवसापासून तिच्या दारात आला नाही. भाऊबीज तुटली. वर तो दोन्ही गावांत सांगत फिरला, की बाईमाणूस पैसा काय संभाळणार, उधळंल आन् शेवटाला माझ्याच दारात येऊन हुबी ऱ्हाईल.

म्हणून अंबुबाईला तो पैसा नुसता बँकेत ठेवायचा नव्हता. तो वाढवून भावाला दाखवायचा होता. हे ती मला पहिल्याच दिवशी सरळ म्हणाली. मला ती आवडली ती तेव्हापासून. मी स्वतः धाराशिवकडची, माझ्याही माहेरी दोन भाऊ आहेत, आणि मी मुकाट सही करून आलेली आहे. तोंड एवढं चालतं माझं, पण तिथं नाही चाललं.

आता मुद्द्याचं. महाळुंग्यात एक कंपनी आहे, गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग बनवणारी. मागं तिचे शेअर छोट्या कंपन्यांच्या बाजारात आले, तेव्हा सरांनी ऑफिससाठी भरमसाट उचलले. भाव चढेल, काढून टाकू, असा हिशोब. भाव चढला नाही. या छोट्या बाजारात शेअर सुटे मिळत नाहीत, गठ्ठ्यानंच घ्यावे लागतात, त्यामुळं घेणारी माणसंही मोजकीच. सरांच्या गळ्यात धोंड अडकून बसली.

रोज सकाळी बाजार उघडायच्या आधी सर आम्हाला उभं करून सांगतात, आज गिऱ्हाइकाला काय सुचवायचं. त्या सकाळी ते म्हणाले, "ब्रेकवाल्या कंपनीचं सांगा. आपल्या भागातली कंपनी आहे, आपल्या मातीवर उभी आहे. लोकांना पटेल."

मी विचारलं, "सर, आत ज्ञानेश तोच विकायला बसणार ना?"

"मग?" सर शांतपणे म्हणाले. "विजयश्री, घेणाऱ्याला विकणारा लागतो. या शेअरमध्ये दुसरं आहे कोण? आपण नसतो तर गिऱ्हाइकाला तो मिळालाच नसता. दुकानदार स्वतःचाच माल विकतो ना?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. दुकानदार गिऱ्हाइकाला असं म्हणत नाही, की मी तुझ्या बाजूनं आहे, तुझ्यासाठी चांगलं बघून घेतो. आपण तसं म्हणतो आणि त्याचीच दलाली घेतो. हे सगळं मनात म्हटलं आणि संगणक चालू केला.

आणि मला एवढंच माहीत असतं तरी एक वेळ चाललं असतं. माझा नवरा ज्योतीराम त्याच कंपनीत आहे, माल तपासायच्या खात्यात. त्या आधीच्या आठवड्यात तो रोज ओव्हरटाइम करून यायचा. मी खूश होते, पगारात चार पैसे जास्त येतील म्हणून. एका संध्याकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "कसला ओव्हरटाइम घेऊन बसलीस? माल परत यायलाय सगळा. गाडीवाल्या कंपनीनं लॉटच्या लॉट नापास करून पाठवलेत. आम्ही बसून एकेक तुकडा निवडायलोय, बरा कुठला अन् खराब कुठला. असंच चाललं तर ऑर्डर बंद करतील ते लोक."

"मग तुमच्या नोकरीचं?"

"बघू," म्हणाला आणि कप धुवायला गेला.

त्या दिवशी अंबुबाई अकराच्या सुमाराला आली. पिशवीतून वालाच्या शेंगा काढून माझ्या टेबलावर ठेवल्या, पदरानं घाम पुसला. मी काही सुचवायच्या आधी तिनंच विषय काढला. खाली जिन्यात सर भेटले होते आणि त्यांचं कानात सांगून झालं होतं.

"पोरी, ती बिरेकची कंपनी. तिचं शेअर घ्यायचं म्हंती मी. आगं, मपल्या बापाच्या रानावर हुबी हाय ती. तिच्या गेटापाशी आमचं चिंचंचं झाड व्हतं."

"मावशी, रान वेगळं आणि शेअर वेगळा."

"वेगळा कसा? तिच्यात माझा वाटा आसंल का न्हाई? कोंडाजीला म्हनावं, तू रान इकून गाडी घेतली, मी त्याच रानात परत वाटा घेतला." ती खुदकन हसली. मग पुढं वाकून हळू आवाजात म्हणाली, "आन् मी बघूनच बोलती बरं का. माझ्या खोल्यांमधली चार पोरं हायेत तिथं. रोज ओव्हरटाइम. मरणाची दमून येत्यात. येवढं काम हाय म्हंजी कंपनी जोरात हाय. ह्ये कुनी कागदात वाचून सांगायला पायजे व्हय?"

या पट्ट्यात कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. कंपनीच्या बसगाड्या रात्रीच्या पाळीलाही भरून जायला लागल्या, की किराणावाला उधारी वाढवतो, खोलीवाला भाडं वाढवतो. ओव्हरटाइम म्हणजे बरकत, एवढं इथं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. मीही धरलंच होतं की, ज्योतीरामनं सांगेपर्यंत.

मी एक वाक्य बोलायचं होतं. मावशी, तो ओव्हरटाइम परत आलेला माल निवडायचा आहे. बास. एवढंच. मान वर केली तर काचेच्या दारात सर उभे होते, हातात कप घेऊन, ज्ञानेशशी काहीतरी बोलत. माझ्या मनात भराभर सगळं येऊन गेलं. कंपनीतली आतली बातमी बाहेर फुटली, तर ती कुणाच्या घरातून फुटली हे शोधायला वेळ लागणार नाही. ज्योतीरामची नोकरी. माझी नोकरी. कारणं ढीगभर असतात हो, आणि सगळी खरी असतात, म्हणून तर चीड येते.

मग मला एक शहाणपण सुचलं. आज त्या शहाणपणाला जोड्यानं मारावंसं वाटतं. मी ठरवलं, एक खरं सांगायचं, ज्यात माझं काही जात नाही. म्हणजे उद्या काही झालं तर म्हणता येईल, मी सांगितलं होतं.

मी खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाले, "मावशी, एक सांगू? हे शेअर विकायला बाजारात दुसरं कुणी नाही. आपलंच ऑफिस विकतंय. तुमच्यासाठी मी इथून घेणार आणि आतून तो ज्ञानेश विकणार."

मला वाटलं ती दचकेल. विचारेल, मग एवढं चांगलं आहे तर सुजित कशाला काढतोय? मी त्या प्रश्नाची वाटच बघत होते. तिनं विचारलं असतं तर मी पुढचं बोलले असते, असं मी अजून स्वतःला सांगते.

अंबुबाईचा चेहरा उजळला. "म्हंजी घरचा माल?"

"मावशी, तसं नव्हे..."

"मंग तर लई बेस. मी जुंधळं कदी दुकानातनं आनत न्हाई. दुकानात कुनाचं काय मिसळल्यालं आसतं, काय ठावं? वळखीच्या रानातलं आनती. घेनारा बी ठावा, देनारा बी ठावा." तिनं आत काचेकडं पाहून मान डोलावली. "सुजितनं स्वतः जवळ बाळगल्यालं हाय म्हंजी पारखूनच घेतलं आसंल. लोकाचा माल घ्यायचा त्यापरीस हे बरं. मी येकच गठ्ठा घेनार व्हते. आता आनकी घे."

"आणखी नको, मावशी. एकच घ्या."

"का गं? तुला दलाली नगं व्हय?" तिनं माझी थट्टा केली आणि मी हसले. हो, हसले मी. अजून ते हसू आठवलं की अंग चोरल्यासारखं होतं.

आमच्याकडं नियम आहे, गिऱ्हाइकाचा होकार फोनवर रेकॉर्ड करून घ्यायचा. गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरी. मी माझ्या टेबलावरून तिच्या फोनला फोन लावला. ती दोन हातांवर समोर बसून पिशवीतून फोन काढते, कानाला लावते आणि मोठ्यानं "हॅलो, कोन?" म्हणते. एरवी या प्रकाराला आम्ही दोघी पोट धरून हसायचो. त्या दिवशी मी यंत्रासारखी वाचून दाखवत गेले, कंपनीचं नाव, किती गठ्ठे, काय भाव, आणि ती प्रत्येकाला "व्हय" म्हणत गेली. माझ्या जिभेवर ते एक वाक्य होतं. पण ते आता रेकॉर्ड झालं असतं. ऑर्डर टाकली. आत ज्ञानेशनं अंगठा वर करून दाखवला. तिचा बहुतेक पैसा एका सकाळीत काचेच्या पलीकडं गेला.

दोन-अडीच महिन्यांत ती बातमी पेपरात आली. गाडीवाल्या कंपनीनं ऑर्डर थांबवली. शेअर रोज पडायला लागला, आणि पडतानाही तो विकत घेणारं कुणी नाही. आमच्या ऑफिसला झळ लागली नाही. ज्ञानेशकडं एकही गठ्ठा उरला नव्हता. महिन्याच्या मीटिंगमध्ये सरांनी माझं नाव घेऊन टाळ्या वाजवायला लावल्या, की गिऱ्हाइकाचा विश्वास कसा कमवावा हे विजयश्रीकडून शिका. मी उठून उभी राहिले. काय करणार होते?

घरी ज्योतीरामला सांगितलं. तो जेवत होता. "तुला मी म्हणलो होतो ना, माल परत यायलाय म्हणून?"

"हो."

"मग बाईला सांगितलं न्हाईस?"

मी त्याच्यावर उखडले. म्हटलं, तुमच्याच नोकरीसाठी गप्प बसले, आणि आता मलाच वर तोंड करून विचारता? त्यानं ताट उचलून मोरीत ठेवलं. तो भांडला असता तर मला जरा बरं वाटलं असतं, पण तो स्वभावानं गरीब आहे.

अंबुबाई येत नव्हती. मी फोन करायची हिंमत केली नाही. आणि मग गेल्या सोमवारी ती आली, आणि तिच्यामागून जिना चढत धोतर-टोपीतला एक दणकट म्हातारा आला. मी ओळखलं, कोंडाजी. गावात बोभाटा झाला होता, आणि जो भाऊ इतके दिवस तिच्या दारात आला नाही, तो हे बघायला मात्र आला होता.

तो खुर्चीवर मांडी ठोकून बसला. सरांना म्हणाला, "सुजितराव, आमच्या बहिनीला चांगलं कापलं तुमी. पर तुमाला काय बोलायचं? मी हिला आदीच म्हनलो व्हतो. पैका संभाळनं बायकांचं काम न्हाई. गप सही केली आसती तर आज साडीचोळी तरी व्हती."

सरांनी तिच्या खात्याची फाइल मागवून घेतली होती. म्हणाले, "आप्पा, बाजार आहे, वरखाली होतंच. आणि आम्ही लपवलेलं काही नाही. ऑफिस स्वतःसाठी धंदा करतं, हे इथं छापलेलं आहे, खाली मावशींची सही आहे."

ऑफिसात आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती. सगळी बघायला लागली. अंबुबाई उभीच होती. ती भावाला म्हणाली, "तुला बोलायचं त्ये मला बोल. चूक मपली हाय. पर ह्या पोरीला कुनी नाव ठेवायचं न्हाई. हिनं मला आदीच सांगितलं व्हतं, की सुजितचंच हापिस इकतंय. येक गठ्ठा घे, जास्ती घेऊ नगं, म्हनली व्हती. मलाच घरचा माल म्हनून भूल पडली. ह्या समद्या हापिसात ही येकली खरं बोलली."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सरांनी चमकून माझ्याकडं पाहिलं. मी गिऱ्हाइकाला तसं सांगितलं होतं, हे त्यांना तेव्हा कळलं. क्षणभर वाटलं, आता माझी नोकरी गेली. पण सर हुशार माणूस. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला आणि ते कोंडाजीला म्हणाले, "बघा आप्पा, मावशीच सांगतायत. आमच्या मॅडमनी तोंडावर स्पष्ट कल्पना दिली होती. आणखी कुठलं ऑफिस एवढं सांगतं?"

माझ्या अर्ध्या खऱ्यानं तिला वाचवलं नाही, ऑफिसला वाचवलं. कोंडाजी बहिणीकडं बघून मान हलवत उठला आणि गाडी काढतो म्हणून खाली गेला. अंबुबाईही निघाली. मी खुर्ची सोडली आणि तिच्यामागं जिन्यात गेले.

"मावशी, थांबा. मी सगळं नव्हतं सांगितलं. मला आणखी माहीत होतं. तो ओव्हरटाइम..."

"ठावं हाय," ती म्हणाली.

ती एका पायरीवर थांबली.

"मपल्या खोलीतली पोरं तुझ्या नवऱ्यासंगंच कामाला हायेत. माल निवडायचं काम त्योच बघतो. समदं झाल्यावर पोरं बोलली माझ्यापाशी." ती कठड्याला धरून उभी होती, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

"मग आत तसं का बोललात?" मी विचारलं. "मला शिव्या घालायच्या होत्या सगळ्यांपुढं."

"आन् भावाला काय दावू? पैसा गेला त्यो त्यानं बघितला. आता जिच्यावर इस्वास टाकला ती बी तसलीच निघाली, त्ये बी दावू व्हय त्याला? मंग त्यो म्हनतो त्येच खरं झालं की, बाईला मानूस कळत न्हाई." तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला. "म्या तुला खरी म्हनलंय त्याच्यापुढं. आता तशीच ऱ्हा. कुनाला काय सांगत बसू नगं."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो हळूच काढून घेतला आणि एकेक पायरी उतरत खाली गेली.